आयसीयूतून घरी आल्यावर: औषधं, व्यायाम आणि थोडं गाणं

(मंडळाच्या ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात दिलेलं भाषण. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे. बाकी बोलणं जसं होतं तसंच ठेवलं आहे.)



आधी एक खुलासा करतो. पत्रिकेत माझ्या नावापुढे 'संगीतोपचार तज्ज्ञ' छापलं आहे. तसं काही नाही. मी राज्य सरकारचा नोकर, शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. सरकारी दवाखान्यातली यंत्रं चालती ठेवायचं काम करतो. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सक्शन मशीन, थेंब मोजून औषध सोडणारे पंप, हे सगळं माझ्याकडे. गाणं म्हणाल तर लहानपणी पेटीवर बोटं फिरवली तेवढीच. ग्वाल्हेरात संगीतावर बोलायचं म्हणजे गंगेकाठी बसून पाणी विकल्यासारखं आहे. तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाऊन गळा सुधारतो म्हणणारं हे गाव. म्हणून मी गाण्याबद्दल कमी आणि आयसीयूबद्दल जास्त बोलणार आहे.

आयसीयूत माझा संबंध मुख्यतः आवाजांशी येतो. यंत्र बिघडलं की ओरडतं आणि नीट चाललं तरी ओरडतंच. बोटाला लावायचा तो चिमटा, कोविडनंतर तुम्हा सगळ्यांच्या घरी आला आहे, पल्स ऑक्सिमीटर. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७० च्या दशकात त्याचं तत्त्व शोधलं. दवाखान्यातल्या मोठ्या मॉनिटरवर त्याची टिप-टिप ऐकू येते. तिची गंमत अशी की रक्तातला ऑक्सिजन उतरला की टिपेची पट्टीही उतरते. डॉक्टरांची पाठ मॉनिटरकडे असली तरी नुसत्या स्वरावरून त्यांना कळतं की पेशंट खाली चाललाय. हे ज्याने योजलं त्याला कान होता, असं मला नेहमी वाटतं. पण ज्यांना त्या स्वराचा अर्थ माहीत आहे त्यांच्यासाठीच तो उपयोगी. खाटेवर पडलेल्या माणसाला तो फक्त एक न थांबणारा आवाज असतो.

आणि तो एकटा नसतो. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉप्किन्स रुग्णालयात एकदा बारा दिवस अलार्म मोजले, तेव्हा सरासरी एका खाटेमागे दिवसाला ३५० निघाले. त्यातले बरेचसे पेशंट हलला, वायर सुटली, पिशवी संपली असल्या कारणांचे. जागतिक आरोग्य संघटनेने दवाखान्याच्या खोलीत रात्री ३० डेसिबलच्या आसपास आवाज असावा असं सांगितलंय. मी ड्यूटीवर असताना मीटर लावून पाहिलं आहे. पहाटे तीन वाजता ५५ च्या खाली काटा जात नाही. शेजारी कोणी नेहमीच्या आवाजात बोलत असावं, साधारण तेवढा आवाज. त्यात ट्यूबलाइट चोवीस तास चालू. दिवस कोणता, रात्र कोणती, पेशंटला कळायचा मार्गच उरत नाही.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडे 'आयसीयूतून बाहेर आला' म्हणजे सुटला असं समजतात. पेढे वाटतात. पण पुढचे सहा महिने घरात काय चालतं ते कोणी सांगत नाही, कारण लाज वाटते. वडील विचित्र बोलतात, आई रात्री ओरडून उठते, हे कोण चारचौघांत सांगणार? तर त्याला नाव आहे. 'पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम'. अमेरिकेतल्या अतिदक्षता तज्ज्ञांच्या संघटनेने २०१० साली बैठक घेऊन हे नाव ठरवलं आणि २०१२ मध्ये छापलं. शरीर, बुद्धी आणि मन या तिन्ही बाजूंना जे मागे राहून जातं त्याला मिळून हे नाव. घरच्यांना जे होतं, झोप उडणं, धास्ती, उदासी, त्यालाही त्यांनी त्यात जागा दिली आहे.

शरीराचं सांगतो. लंडनमध्ये ६३ गंभीर पेशंटांच्या मांडीचा पुढचा स्नायू सोनोग्राफीने मोजत गेले. दहा दिवसांत त्याचा छेद जवळजवळ १८ टक्क्यांनी कमी झाला. दहा दिवसांत, मंडळी. म्हणून घरी आलेला माणूस दोन पायऱ्या चढताना भिंत धरतो, तो आळस नव्हे.

बुद्धीचं त्याहून गंभीर आहे. आयसीयूत बऱ्याच जणांना भ्रम होतो, ज्याला डिलिरियम म्हणतात. माणूस डोळे उघडे ठेवून भलत्याच जगात असतो. छतावर मुंग्या दिसतात, नर्स विष देतेय असं वाटतं. काही जण उलट अगदी गप्प पडून राहतात. तोही भ्रमच, पण कोणाच्या लक्षात येत नाही. तपासायची एक साधी रीत आहे. दहा अक्षरं सावकाश म्हणायची आणि ठरलेलं अक्षर आलं की माझा हात दाबा असं पेशंटला सांगायचं. ज्याचं लक्ष ठरत नाही त्याचा हात चुकतो. अमेरिकेतला ८२१ पेशंटांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. त्यात चारातल्या जवळपास तिघांना दवाखान्यात असताना भ्रम झाला होता. तीन महिन्यांनी ४० टक्के लोकांची आठवण आणि विचारशक्ती डोक्याला मध्यम मार लागलेल्या माणसाइतकी खाली होती. यात तरुणही होते. भ्रम जितके दिवस जास्त, तितकं पुढे नुकसान जास्त. म्हणून डॉक्टर आता झोपेची औषधं लागतील तेवढीच द्यायचा, पेशंटला लवकर जागं करायचा, बसवायचा प्रयत्न करतात.

संगीताचा विषय इथे सुरू होतो. व्हेंटिलेटरवरचा माणूस घाबरतो, नळी ओढतो, म्हणून त्याला गुंगीचं औषध देतात. गुंगी जास्त झाली की भ्रम, अशक्तपणा सगळंच वाढतं. मग औषधाशिवाय त्याची भीती कमी करता आली तर?

मिनियापोलिस आणि सेंट पॉल या जोडशहरांत लिंडा च्लान नावाच्या नर्सिंगच्या प्राध्यापिकेने हे करून पाहिलं. पाच दवाखाने, बारा आयसीयू, व्हेंटिलेटरवरचे ३७३ पेशंट. तीन गट केले. एकाला हेडफोनवर संगीत, दुसऱ्याला नुसते आवाज अडवणारे हेडफोन, तिसऱ्याला नेहमीची शुश्रूषा. यात मला आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. 'पेशंटला बासरी लावा' असं कोणी ठरवलं नाही. प्रशिक्षित संगीतोपचारक खाटेजवळ जाऊन, तोंडात नळी असलेल्या माणसाला विचारायचा की तुला काय आवडतं. मानेने, हाताने उत्तर घ्यायचा आणि त्याप्रमाणे संग्रह भरून द्यायचा. केव्हा ऐकायचं, केव्हा बंद करायचं, हे पेशंटच्या हातात. घाबरल्यासारखं वाटलं की स्वतः लावा, एवढीच सूचना. ते लोक दिवसाला सरासरी ८० मिनिटं ऐकत. पाचव्या दिवसापर्यंत संगीत-गटाची भीती शंभराच्या मापावर नेहमीच्या शुश्रूषेपेक्षा १९.५ गुणांनी कमी आणि गुंगीच्या औषधाचा जोर ३६ टक्क्यांनी कमी. २०१३ च्या जूनमध्ये 'जामा'त हे प्रसिद्ध झालं.

आयसीयूत पडलेल्या माणसाच्या हातात काहीच नसतं, मंडळी. कूस दुसरा बदलतो, लघवी नळीतून, श्वास यंत्र देतं. त्या सगळ्यात एक बटण त्याच्या स्वतःच्या मर्जीचं. माझ्या मते निम्मा गुण गाण्याचा असेल तर निम्मा त्या बटणाचा.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत वेदना कमी करण्यासाठी संगीत द्यावं असं सुचवलं आहे, पुरावा कच्चा आहे हे सांगूनच. रात्री आवाज आणि उजेड कमी करा, असंही त्यात आहे. भ्रम कमी होतो का, यावर मात्र आलेले निकाल एकसारखे नाहीत. तेव्हा कोणी छातीठोकपणे सांगू लागला तर त्याचं ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता घरचं उदाहरण. नाव सांगत नाही, तुमच्यातले पुष्कळ जण तिला ओळखतात. माझी आत्या, वय ७१. लष्करात राहते, चाळीस वर्षं भजनी मंडळात टाळ धरलेली. दोन वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला, तो रक्तात पसरला. एका खाजगी दवाखान्यात भरती केलं. सोळा दिवस आयसीयू, त्यातले अकरा व्हेंटिलेटर. भेटायला संध्याकाळी दहा मिनिटं, मोबाइल आत न्यायचा नाही. नियमाची कारणं मला ठाऊक आहेत, मी स्वतः त्याच खात्यातला. तरी आठ दिवस तिने एकही ओळखीचा आवाज ऐकला नाही, याचा राग आजही गेलेला नाही. नवव्या दिवशी रात्रपाळीच्या एका केरळी सिस्टरने विनंती मानली. एक छोटा प्लेअर, पुसून घेता येतील असे हेडफोन आणि आत्याच्याच मंडळाची, आमच्या भाच्याने कधीतरी हौसेने केलेली रेकॉर्डिंगं. मागे पंख्याचा आवाज, मध्येच कोणी खोकतंय, ताल सुटतोय. कोणी कॅसेटवाला ती विकायला ठेवणार नाही. सिस्टर सांगत होत्या की पहिल्या दिवशी आजींचं एक बोट चादरीवर हलायला लागलं. ठेका बरोबर होता की नाही त्यांना कळलं नाही, त्यांना ती भाषाच येत नव्हती.

त्यामुळे आत्या वाचली असं मी म्हणणार नाही. ती अँटिबायोटिकांनी वाचली, ऑक्सिजनने वाचली, त्या सिस्टरसारख्या माणसांनी वाचवली.

छुट्टी होऊन घरी आली तेव्हा वजन नऊ किलोने उतरलेलं. आवाज घोगरा, कारण नळी स्वरयंत्रातून गेलेली असते, तिथे सूज राहते. कुकरची शिट्टी चालायची, पण मायक्रोवेव्हची टीं टीं झाली की ती थरथरायची. माझ्या आतेभावाने शेवटी मायक्रोवेव्हचं आवाजाचं बटण शोधून बंद केलं. रात्री झोपेना. 'डोळे मिटले की ते परत नेतील' म्हणायची. गॅस बंद केला का हे तीनदा विचारायची. जिने भजनी मंडळाचा चाळीस वर्षं हिशेब ठेवला, ती.

फिजिओथेरपिस्ट मुलगी यायची. तिने श्वासाचा व्यायाम दिला, नाकाने घ्या, ओठ चंबूसारखे करून सावकाश सोडा. आत्याला त्याचा भयंकर कंटाळा. तेव्हा त्या मुलीनेच विचारलं, 'आजी गातात ना? मग सा लावू देत.' गाणं म्हणजे तरी काय, पटकन श्वास घेऊन लांब, आवरून सोडणंच की. पहिल्या दिवशी तिचा सा चार सेकंद टिकला. मी यंत्रवाला माणूस, मला मोजल्याशिवाय राहवत नाही, वही केली. रोज सकाळी तीनदा, मधे विश्रांती, बोटाला ऑक्सिमीटर. ९० च्या खाली आला की थांबायचं, हे डॉक्टरांनी ठरवून दिलं होतं. तीन आठवड्यांनी सात सेकंद, दोन महिन्यांनी अकरा. मग खालच्या पट्टीतलं एखादं धृपद. वरचा सा आजही लागत नाही आणि त्याबद्दल ती चिडते.

असंच काहीसं लंडनमध्ये पद्धतशीर झालं आहे. इंग्लिश नॅशनल ऑपेरा या संस्थेने २०२० साली तिथल्या इम्पीरियल कॉलेजशी जोडलेल्या दवाखान्यांबरोबर एक कार्यक्रम सुरू केला. कोविडनंतर धाप लागणारे लोक, सहा आठवडे, ऑनलाइन गायनवर्ग. त्यांनी निवडलं काय, तर अंगाईगीतं. सोपी, संथ, लहान पल्ल्याची, आणि मन निवांत करणारी. १५० जणांवरचा त्याचा अभ्यास २०२२ मध्ये 'लॅन्सेट'च्या श्वसनविषयक पत्रिकेत आला. मनाच्या बाजूने सुधारणा दिसली, धाप लागण्याच्या काही बाबतींतही. शारीरिक ताकदीच्या गुणांत फरक पडला नाही, हेही त्यांनी तसंच छापलं. यातले सगळेच आयसीयूतून आलेले नव्हते, पण धाप आणि धास्ती या जोडीशी गाठ तीच.

लक्ष आणि आठवण यांसाठी हेलसिंकीचा अभ्यास मला मोलाचा वाटतो. तो अर्धांगाच्या झटक्यातून उठलेल्यांचा आहे, आयसीयूचा नव्हे. काहींना रोज त्यांच्याच आवडीचं गाणं, काहींना पुस्तकांचं वाचन ऐकवलं, काहींना काहीच नाही. गाणं ऐकणाऱ्यांची शब्दांची आठवण आणि लक्ष जास्त सुधारलं. २००८ सालची गोष्ट. आत्याच्या बाबतीत आम्ही एवढंच केलं की भजन लावायचं आणि पुढच्या कडव्याआधी थांबवायचं. पुढचे शब्द तिने सांगायचे. सुरुवातीला अडायची, डोळ्यांत पाणी यायचं, तेव्हा आम्ही पुढचा शब्द सांगून टाकायचो. परीक्षा घ्यायची नाही, हे आतेभावाच्या बायकोने पहिल्याच दिवशी बजावलं आणि ते बरं झालं.

आता जरा अप्रिय बोलतो. आपल्या व्हॉट्सॲप गटावर दर महिन्याला एक तक्ता फिरतो. अमुक रागाने रक्तदाब, तमुक रागाने साखर, तिसऱ्याने दमा. त्याला आधार काही नाही. ज्या गावात हद्दू-हस्सूखाँ गायले, जिथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकायला आले आणि ते घेऊन महाराष्ट्रात गेले, त्या गावाने रागाला गोळीची पुडी करावी हे मला बरं वाटत नाही. आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन १९४८ च्या सुमारास देवासला आले. पाचेक वर्षं डॉक्टरांनी गाणं बंद केलं होतं. बरे झाले ते स्ट्रेप्टोमायसिन या तेव्हा नव्या औषधाने आणि भानुमतीताईंच्या शुश्रूषेने. पण अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरची माळवी लोकगीतं ते ऐकत राहिले आणि त्यातून पुढे धुनउगम राग आले. औषधाने फुप्फुसाचं काम केलं. गाण्याने जे केलं ते वेगळं होतं, आणि ते कुठल्याही तक्त्यात बसत नाही.

कोणतं संगीत, असं काकू मघाशी विचारत होत्या. त्या माणसाचं. बाबांना आयुष्यभर मुकेशची गाणी आवडली असतील तर त्यांच्या कानात संतूर घालू नका. भक्तिसंगीत सगळ्यांना शांत करतं असंही नाही. एखाद्या भजनाशी घरातल्या कोणाच्या जाण्याची आठवण जोडलेली असते. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांना दवाखान्यात मुलाने भक्तिभावाने एक धून लावली, तर ते घाबरून 'मी गेलो का रे?' विचारायला लागले. तेव्हा आधी विचारा. साधारणपणे संथ लयीचं, मिनिटाला ६० ते ८० ठोक्यांचं, एकदम चढणारं-दणाणणारं नसलेलं बरं पडतं. अर्धा-पाऊण तास पुरे, दिवसभर लावून ठेवलं तर तोही एक अलार्मच होतो. आवाज हळू. श्रवणयंत्र असेल तर आधी ते लावा. कितीतरी म्हाताऱ्यांची श्रवणयंत्रं आणि चष्मे भरती करताना पिशवीत घालून घरी येतात आणि मग भ्रम झाला म्हणून आपण रडतो. पेशंटने कपाळाला आठी घातली, मान वळवली, मॉनिटरवर ठोके वाढले, तर लगेच बंद. आणि डॉक्टर-सिस्टरना विचारल्याशिवाय काहीही नाही. हेडफोन ज्याचा त्याचा, पुसून ठेवलेला.

गाण्याइतकाच आवाजाचा विचार करा. तुमची मुलं पुण्याला, बंगळूरला, कोणाची न्यू जर्सीत. येईपर्यंत दोन दिवस जातात. मुलीने फोनवर दोन मिनिटांचं बोलून पाठवलं, 'आई, आज मंगळवार, तू ग्वाल्हेरच्या दवाखान्यात आहेस, न्यूमोनिया झालाय, नळीमुळे बोलता येत नाही, ती निघणार आहे,' तर घाबरलेल्या माणसाला तो मोठा आधार असतो. आपल्या भाषेत असेल तर आणखीच. इथला स्टाफ हिंदी बोलतो, दवाखान्याचे कागद इंग्रजीत. आपण घरात पिढ्यान्पिढ्या मराठी बोलत आलो. अर्धवट शुद्धीत माणूस लहानपणच्या भाषेत शिरतो. आत्या त्या सोळा दिवसांत 'पानी' म्हणत नव्हती, 'पाणी' म्हणत होती, आणि वॉर्डबॉयला वाटलं नुसतीच बडबडतेय.

म्हणून मागच्या टेबलावर कोरे कागद ठेवले आहेत, चहाच्या थर्मासशेजारी. त्यावर तीन गोष्टी लिहा. तुमची दहा गाणी, शक्यतो कोणाच्या आवाजातली तेही. मला कधीही ऐकवू नका अशी गाणी. ती आठवली नाहीत तर जागा रिकामी सोडा. आणि घरात तुम्हाला कशी हाक मारतात, कारण सिस्टरने 'माताजी' म्हटल्यावर जी बाई डोळे उघडत नाही ती 'ताई' म्हटल्यावर उघडते. कागद औषधांच्या फाइलमध्ये ठेवा, एक प्रत मुलांना फोटो काढून पाठवा. गाणी भरून द्यायचं काम आमची पोरं करतील, पेन ड्राइव्ह तुमचा. भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग पुढच्या गुरुवारी हॉलमध्ये आहे. पंखा चालू राहिला तरी चालेल. आत्या येणार आहे, खालच्या पट्टीत गाईन म्हणालीय.

प्रश्न असतील तर विचारा. कुलकर्णी काका, तुमचा हात मघापासून वर आहे.